कागदी बाजीची वही : पुण्याचा दुसरा सीझन संपला

मंडळी, पुण्याचा पावसाळी सीझन संपला. जुलै ते ऑक्टोबर मिळून वहीत घोड्यांच्या 94 रेस जमा आहेत, खरे पैसे न लावता, नुसत्या कागदावरच्या अंदाजाच्या. पहिल्या सीझनला मी नुसता विनर लिहायचो आणि लागला की खूश व्हायचो. त्यातून काहीच कळत नव्हतं, कारण फेव्हरिट तर पेपर वाचणारा कुणीही काढतो. या वेळी प्रत्येक घोड्यापुढे टक्के लिहिले, रेस सुटायच्या आधी, पेनाने. खाडाखोड बंद.

गुण द्यायला ब्रायरची पद्धत घेतली. ग्लेन ब्रायर अमेरिकेतला हवामानवाला, त्याने 1950 साली पावसाचे अंदाज तपासायला ती मांडली. घोड्याला 30 टक्के दिले आणि तो जिंकला, तर चूक 0.7, तिचा वर्ग 0.49. हरला तर 0.3 चा वर्ग, 0.09. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकी चांगली. पावसाळ्यात पुण्याच्या ट्रॅकवर बसून हवामानवाल्याचं गणित करायचं, यात मजा आहे.

माझ्या वहीत रेसला साधारण दहा घोडे. सगळ्यांना सारखे टक्के वाटले असते तर सरासरी 0.09 च्या आसपास आली असती. माझी आली 0.085. बुकींच्या बोर्डावरच्या शेवटच्या भावांवरून (भाव म्हणजे घोडा जिंकला तर रुपयामागे किती रुपये मिळतील) काढलेली 0.078.

म्हणजे चार महिने रोज रात्री दीड तास व्हिडिओ, रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा अधिकृत आकडा), ट्रॅकवर्क (घोड्यांच्या सकाळच्या सरावाच्या नोंदी) बघून मी भावाच्या मागेच राहिलो. चटका बसला. पण कुठे मागे राहिलो ते वहीत दिसतं, म्हणून लिहितोय.

पहिला दोष ट्रॅकवर्कचा. ‘600 मीटर 40 सेकंदांत, सहज’ असं वाचलं की मी पाच-सात टक्के वाढवत होतो. आतल्या सँड ट्रॅकवर सकाळी घोडा कुणाला घेऊन पळाला, जॉकीला की राइडिंग बॉयला (सरावापुरता स्वार), त्याला सोडला होता की धरला होता, हे त्या एका ओळीतून पुरतं कळत नाही. आणि ती ओळ सगळेच वाचतात. सप्टेंबरपासून ट्रॅकवर्कला एक टक्क्यावर आणलं.

दुसरा दोष लांब भावाच्या घोड्यांचं प्रेम. वीसच्या भावाच्या घोड्यांना मी सरासरी आठ टक्के देत होतो, लागले त्याच्या निम्म्याहून कमी. हा रोग जुना आहे. ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्येच दाखवलं होतं की लोक लांबच्या घोड्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात. आमच्या शेजारचे काका हेच त्यांच्या भाषेत सांगायचे, मी हसायचो.

कामी आलं ते कंटाळवाणं. रेसच्या सकाळचं पेनेट्रोमीटर रीडिंग (दांडा जमिनीत किती घुसतो त्यावरून ट्रॅक किती मऊ ते कळतं), फॉल्स रेल (आतल्या कडेला लावलेलं तात्पुरतं कुंपण) किती मीटरवर, आणि ऐन वेळी बदललेला जॉकी. त्या जोडीला मागच्या रेसचा व्हिडिओ, पण फिनिश सोडून. वळणावर रेलला कोंडलेला, वाट न मिळालेला घोडा निकालात नुसता ‘पाचवा’ दिसतो. अशा अकरा घोड्यांवर मी खूण केली होती. पुढच्या वेळी त्यातल्या सहांचा भाव आधीच खाली आलेला. व्हिडिओ काय, सगळ्यांच्याच फोनवर आहे.

टेलिग्रामवरच्या ‘शुअर शॉट’ टिपांचा स्क्रीनशॉट रेसआधी काढून ठेवायचा प्रयोगही केला. तिसऱ्या आठवड्यात हरलेल्या टिपा ग्रुपमधून गायब व्हायला लागल्या. प्रयोग तिथेच थांबला.

खरी प्रगती ऑगस्टअखेरीस झाली. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाने खेळणाऱ्या बिल बेंटरने 1994 मध्ये निबंध लिहिला होता. त्याचं मॉडेलही एकटं पुरत नव्हतं. त्याने आपले अंदाज लोकांच्या भावाशी जोडले, तेव्हा ते चाललं. मी अगदी ढोबळ केलं, एक वाटा माझा, दोन वाटे भावाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रेसमध्ये या मिश्रणाची सरासरी 0.077, नुसत्या भावाची 0.078. फरक केसाएवढा आहे, रेस थोड्या आहेत, तेव्हा नाचत नाही.

आता नेहमीचा प्रश्न, खरे पैसे का लावत नाहीस? समजा सहा घोडे : एकास एक, तीनास एक, चारास एक, नवास एक दोनदा आणि एकोणीसास एक. तीनास एक म्हणजे चारात एकदा, 25 टक्के. तसे टक्के होतात 50, 25, 20, 10, 10, 5. बेरीज 120. वरचे वीस बुकीचे. म्हणजे एकास एक असलेल्या फेव्हरिटची खरी शक्यता 50 नाही, 50 भागिले 120, जेमतेम 42 टक्के. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून बाजीच्या पूर्ण रकमेवर जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. शंभराच्या बाजीला खिशातून 140 जाणार, जिंकलो तर 200 परत. नुसतं बरोबरीला यायला घोडा 70 टक्के वेळा जिंकायला हवा. 42 आणि 70 मधली दरी माझ्या 0.001 ने कशी भरणार? सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. ते कौशल्य या दरीएवढं माझ्यात नाही, हे वही सांगते.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या सीझनसाठी वहीत एक नवा रकाना आखलाय, घोड्यावर द्यायच्या वजनाचा. हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी रेस) एका रेटिंगला अर्धा किलो, म्हणून चौथ्या वर्गात 20 रेटिंगच्या आणि 46 रेटिंगच्या घोड्यांत 13 किलोंचा फरक पडतो. अ‍ॅप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीला मिळणारी वजनातली सूट धरून हे कसं मोजायचं ते अजून ठरलेलं नाही. कुणी करत असेल तर रकाना कसा आखता ते सांगा. नोव्हेंबरच्या पहिल्या कार्डाच्या (त्या दिवसाच्या रेसची यादी) आत हवंय.