सहा हजार टाचण्या

गेल्या मंगळवारी दुपारी मी जॉर्ज वॉशिंग्टनविषयी वाचायला बसलो आणि टाचण्यांपाशी अडकलो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ॲडम्स कुटुंबाची पत्रे मूळ हस्ताक्षराच्या छायाचित्रांसह इंटरनेटवर खुली केली आहेत, आणि जेवणानंतर डोळा लागेपर्यंत त्यांतले एखादे वाचायचे, ही माझी निवृत्तीनंतरची सवय आहे. त्या दुपारी उघडले ते १६ जुलै १७७५ चे, ॲबिगेल ॲडम्स यांनी ब्रेनट्रीच्या घरून फिलाडेल्फियाला नवऱ्याला, म्हणजे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्स यांना, लिहिलेले. वॉशिंग्टन यांनी दोनच आठवड्यांपूर्वी केंब्रिजला, इंग्लंडविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींच्या सैन्याची सूत्रे हाती घेतली होती. बाईंनी त्यांना नुकतेच पाहिले होते आणि त्यांच्या रुबाबाची छाप त्यांच्यावर चांगलीच पडली होती. चरित्रकार तेवढाच उतारा कापून नेतात. त्याच पत्रात पुढे बाई लिहितात की इथे काही केल्या एक टाचणी मिळत नाही, तेव्हा इकडे येणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर हजारभर तरी पाठवून द्या.

ही मागणी पहिल्यांदाच होत नव्हती. आदल्या महिन्यात त्यांनी अख्खी गड्डी मागितली होती, आणि एका गड्डीत टाचण्या सहा हजार असत. साडेसात शिलिंगांना मिळणारा माल आता वीस शिलिंग मोजूनही मिळत नाही, अशी तक्रारही सोबत होती. इंग्लंडचा माल बंद झालेला, बोस्टनला वेढा पडलेला, आणि एक बाई नव्या सेनापतीचे वर्णन करता करता टाचण्यांचा तगादा लावते आहे. या बाईंचे ‘बायकांना विसरू नका’ हे वाक्य जगभर गेले, आणि ते जायलाच हवे होते. पण मला विचाराल तर मी टाचण्यांच्या बाजूचा आहे.

याला कारण माझी एक जुनी खोड आहे. कोणाचेही पत्र हातात आले की मी मायना वाचत नाही. आधी समास वाचतो, मग ताजा कलम, आणि मग सवडीने ‘पत्रास कारण की’ कडे वळतो. ही खोड आजीच्या आंतरदेशीय पत्रांनी लावली. मी पुण्याला काकांकडे शिकायला होतो आणि आजी राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी असे. निळ्या कागदाच्या तीन घड्या शाईने भरल्या की ती कागद आडवा धरून समासात शिरे, समास संपला की चिकटवायच्या पट्टीवर जाई, आणि खरा मजकूर नेहमी तिथेच असे. मधल्या पानात सर्वांची खुशाली, पाऊसपाणी आणि अभ्यास कर. पट्टीवर ‘गाय विकली, आजोबांना सांगू नकोस की तुला कळवले’. काका पत्र ब्लेडने फोडत आणि घाईत फोडत, त्यामुळे पट्टीवरचे एखादे अक्षर दर वेळी कापले जाई. एकदा गाय विकली की विकत घेतली, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली होती.

जागा पुरवून वापरण्याची ही विद्या अमेरिकेत त्या काळी घरोघर होती, आणि ती कायद्याने शिकवली होती. १७९२ च्या टपाल कायद्यात दर वजनावर नव्हता, कागदावर होता. एका कागदाला तीस मैलांपर्यंत सहा सेंट आणि साडेचारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट, दोन कागद असतील तर दुप्पट, तीन असतील तर तिप्पट. पाकीट घातले तर तोही एक कागदच मोजला जाई, म्हणून पाकिटाची चैन कोणी करत नसे. पत्र स्वतःच्याच पोटात दुमडायचे, कोरी राहिलेली बाजू वर आणून तिच्यावर पत्ता लिहायचा आणि लाखेने किंवा पिठाच्या पातळ चकतीने तोंड बंद करायचे. तेवढ्यात मावले नाही तर कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच आडव्या ओळी लिहीत. असे पत्र पाहताना आधी विणलेली चटई दिसते आणि बऱ्याच वेळाने अक्षरे दिसू लागतात. वर्तमानपत्राला मात्र शंभर मैलांपर्यंत एकच सेंट पडे, तेव्हा छापील अक्षरांवर खुणा करून अंकातूनच खुशाली कळवणारे महाभागही निघाले.

आणखी गंमत म्हणजे हे पैसे बहुधा पत्र लिहिणारा भरत नसे, घेणारा भरे. आपल्याकडे ‘बेअरिंग’ पत्र आले की पोस्टमन दारात उभा राहून दुप्पट पैसे मागे आणि घरातली माणसे एकमेकांकडे बघत. तिथे ती रीतच होती. म्हणजे लांबलचक पत्र लिहिणे हा प्रेमाचा पुरावा असला तरी त्याचा भुर्दंड प्रेमपात्रावर पडे. लिहिणाऱ्याला याचे भान ठेवावे लागे. एक कागद लिहायचा आणि तो समोरच्याला पैसे वसूल झाल्यासारखा वाटेल इतका भरायचा, असा तो हिशेब होता. म्हणून त्या पत्रांत देश, दुखणे, गव्हाचा भाव, मेव्हणीचे बाळंतपण आणि टाचण्या एकाच दमात येतात. परिच्छेद पाडायलासुद्धा जागा परवडत नसे.

व्यापाऱ्यांची पत्रे यापेक्षा कोरडी असतील अशी माझी समजूत होती, ती फारशी टिकली नाही. मायना ठरलेला असे: ‘आपले अमुक तारखेचे कृपापत्र पावले’ येथे सुरुवात, ‘आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक’ येथे शेवट, आमच्या ‘विनंती विशेष’ आणि ‘लोभ असावा’ यांच्या पंक्तीला सहज बसतील अशी ही मंडळी. पण परक्या बंदरातला अडत्या हा पुष्कळदा चुलतभाऊ नाहीतर जावई असे, त्यामुळे हुंडीची मुदत सांगून झाली की मामाच्या संधिवाताची चौकशी ओघाने येई. समुद्रापलीकडे जाणारे पत्र एकाच जहाजावर सोपवण्याचा धोका कोणी पत्करत नसे. त्याच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांनी जात, आणि कधी दुसरी नक्कल पहिलीच्या आधी पोचे. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवणे ही पेढीची शिस्त होती. जॉन ॲडम्स यांनी जून १७७६ मध्ये फिलाडेल्फियात एक मोठी कोरी वही घेतली आणि बायकोला कळवले की यापुढे मी नकला ठेवणार आहे, तूही ठेव, कारण तुझी पत्रे माझ्यापेक्षा जपून ठेवण्यासारखी आहेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा महिन्यावर आला होता आणि गृहस्थ वही घेत होते. थॉमस जेफर्सन तर त्यांच्याही पुढचे. आलेल्या-गेलेल्या पत्रांची बारनिशी त्यांनी १७८३ पासून १८२६ मध्ये मरण येईपर्यंत ठेवली, आणि १८०४ पासून ते अशा यंत्रावर लिहीत, ज्यात दांड्यांनी जोडलेल्या दोन लेखण्या असत. हातातली एका कागदावर चाले आणि दुसरी शेजारच्या कागदावर तिच्यामागोमाग नक्कल काढत जाई. आमच्या कचेरीतल्या जावक कारकुनाला हे यंत्र दाखवायला हवे होते.

पण नक्कल कितीही जपली तरी पत्रासोबतची वस्तू कुठे जाईल हे सांगता येत नसे. १७७६ च्या उन्हाळ्यात ॲबिगेलबाई मुलांना घेऊन देवी टोचून घ्यायला बोस्टनला गेल्या होत्या. टोचणीनंतरचा ताप, मुलांची जागरणे, आणि चहाचा दुष्काळ. अशात एके दिवशी त्या फिलाडेल्फियातच असलेले दुसरे पुढारी सॅम्युएल ॲडम्स यांच्या पत्नीकडे गेल्या, तर तिथे त्यांच्यापुढे उत्तम हिरवा चहा आला. कुठून मिळाला, असे विचारल्यावर यजमानीणबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी गेरी यांच्याबरोबर पाठवला. ॲबिगेलबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या ह्यांनाही एवढे सुचायला हरकत नव्हती, असे मात्र त्यांच्या मनात येऊन गेले, आणि ते त्यांनी नवऱ्याला पत्रातून कळवलेही. इकडे जॉन ॲडम्स यांची खात्री होती की आपण पाठवलेला एक पौंड चहा बायको केव्हाची पीत असेल. फिलाडेल्फियाच्या घरमालकिणीने डबा एल्ब्रिज गेरी यांच्या हाती दिला होता, आणि गेरी यांनी तो ‘मिसेस ॲडम्स’ना पोचता केला होता, फक्त दुसऱ्या मिसेस ॲडम्सना. गेरी परत आल्यावर सहज विचारले तेव्हा हा घोटाळा उघडकीस आला. जॉन यांनी वैतागून दुसरा डबा मागवला आणि बायकोला लिहिले की त्या बाईंना चिठ्ठी पाठवून सांग, डबा तुझा होता, परत द्यायचा असेल तर द्यावा. चाळीस शिलिंग पौंडाचा माल आहे आणि पैसे माझ्या नावावर पडले आहेत. याच गेरी यांचे नाव पुढे वाकडेतिकडे मतदारसंघ पाडण्याच्या युक्तीला कायमचे चिकटले. चहाच्या डब्यासाठी त्यांना कोणी लक्षात ठेवले नाही, हा मला अन्याय वाटतो.

एका आडनावाचे दोन संसार आमच्या काकांच्या वाड्यातही होते, आणि पोस्टमन जिन्याखालून नुसतेच आडनाव पुकारी. काकू दुसऱ्यांचे पत्र परत देताना ‘चुकून फुटले हो’ एवढेच म्हणे. चुकून फुटलेल्या त्या पत्रांच्या जोरावर वाड्यातल्या दोन लग्नांची बातमी आम्हांला वधूपक्षाच्या आधी होती.

ॲडम्स दांपत्यात धंद्याचे डोके बायकोचे होते, हे त्यांच्या पत्रांवरून कोणाच्याही लक्षात येईल. नवरा युरोपात वकिलात करत असताना बाईंनी कळवले की पैसे पाठवण्यापेक्षा माल पाठवा, त्यातून जास्त सुटतात; मग रुमाल, फिती असले सामान बिल्बाओच्या एका पेढीमार्फत येई आणि बाई ते नातलगांकरवी विकत. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होती, तरी बाई पत्रांत एका रकमेला खुशाल ‘माझे हातखर्चाचे पैसे’ म्हणतात. नवऱ्याचा जीव जमिनीत आणि बायकोचा सरकारी रोख्यांत. रोखे पडत्या भावाने घेतलेले होते, आणि १७९० मध्ये नव्या सरकारने जुने कर्ज पत्करल्यावर बाईंचे गणित बरोबर आले. एकदा मात्र त्यांनी व्हरमाँटमध्ये जमीन घेतली, तेव्हा १७८२ मध्ये युरोपातून उत्तर आले: व्हरमाँटच्या भानगडीत पुन्हा पडू नकोस. एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा आलेला नकार. तोवर खरेदी होऊन गेली होती.

उशिराचा विषय निघाला म्हणून सांगतो. ॲडम्स आणि जेफर्सन राजकारणात फाटून कित्येक वर्षे अबोला धरून होते. १ जानेवारी १८१२ रोजी ॲडम्स यांनी अबोला मोडला आणि लिहिले की ‘घरच्या विणीचे दोन नग’ पाठवत आहे. ते नग म्हणजे ॲडम्स यांच्या मुलाच्या वक्तृत्वावरील व्याख्यानांचे दोन खंड होते. म्हाताऱ्याने विनोद केला होता. पण पत्र पुढे आले आणि पुडके मागे राहिले. जेफर्सन यांनी विनोद ओळखलाच नाही आणि व्हर्जिनियात घरोघर सूत कसे काततात, कापड कसे विणतात, यावर भरघोस मजकूर लिहून पाठवला. मग चौदा वर्षे पत्रे चालू राहिली.

आजीचे एक निळे पत्र परवा जुन्या शब्दकोशात सापडले. मधला मजकूर नेहमीचाच आहे. समासात आडवे लिहिले आहे, ‘गणपतीला येशील तेव्हा नव्या वहाणा करून ठेवीन, पायाचे माप कागदावर काढून पाठव’. आंतरदेशीय पत्रात दुसरा कागद घालायची मनाई असते, आणि पाकिटाला जास्त पैसे पडतात म्हणून मी ते लांबणीवर टाकले. त्या वर्षी गणपतीच्या आधीच तार आली.

माझा नंबर तेव्हा चार होता.