काटकसरीतली कसर

सासूबाईंनी बर्फ घ्यायला फ्रीझर उघडला आणि त्यांच्या हाताला लागली स्वेटरची बाही. बंद पिशवीतली, गारठून कडक झालेली, मरून रंगाची. त्या किंचाळल्या वगैरे नाहीत. बर्फाचा ट्रे काढला, दार लावलं आणि बाहेर येऊन इतकंच विचारलं, "अजून किती दिवस आहे तो तिथे?"

"दोन आठवडे ठेवायचाय, आई."

"मग जरा मागे सरकव. हात घातला की तोच येतो."

लोकरीला लागते ती कसर, आणि आपण जन्मभर करतो ती काटकसर. आमच्या ट्रंकेत दोघी एकत्र नांदत होत्या. सासूबाई काहीही टाकत नाहीत. "लागेल कधीतरी" हे त्यांचं पालुपद. त्या न टाकलेल्या सामानात तळाशी सासऱ्यांचा हा स्वेटर होता, सासूबाईंनीच विणलेला. सासरे गेल्यापासून तो कुणी बाहेर काढला नव्हता. यंदा ट्रंक उघडली तर डाव्या कोपरावर आणि पोटापाशी भोकंच भोकं. उडणारी ती बारीक पाकोळी स्वतः काही खात नाही, खाते तिची अळी. आणि तिलाही घामाची, सांडलवंडीची जागा जास्त आवडते. म्हणून लोकरीचा कपडा न धुता कधी ठेवायचा नाही, हे सासूबाईंनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत शिकवलं होतं. हा मात्र त्यांनी तसाच ठेवला होता, न धुता. का, ते मी विचारलं नाही.

डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून महिनोन्‌महिने जात नाही आणि घरात लहान मूल असताना मला त्या नकोतच. त्यामुळे फ्रीझर. पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बांधायचं, उणे १८ अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड लोकरीवर हवेतला दमटपणा जमतो. एक रात्र तशीच राहू द्यायची.

रफू करू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "रफू कशाला? उसव. धाकट्याला होईल."

इथे एक सांगते. "टाकाऊतून टिकाऊ" या शब्दांचा मला आता वैताग आलाय. मुलांच्या शाळेतून दर वर्षी तो प्रकल्प येतो आणि दर वर्षी आम्ही बाटलीला चकचकीत कागद चिकटवून पेन स्टँड करतो. महिन्याभरात तो कचऱ्यात. टाकाऊतून टाकाऊ, वर गोंद वाया. उसवण्याचंही तसंच आहे. प्रत्येक जुना स्वेटर उसवण्याच्या लायकीचा नसतो, आणि हे कळायला मला दोन स्वेटरांचा बळी द्यावा लागला.

स्वेटर उलटा करून आधी शिवण बघायची. मागचा-पुढचा भाग कडेपर्यंत विणून मग साखळीसारख्या टाक्याने जोडलेला असेल तर बेधडक घ्या. पण शिवणीवर ओव्हरलॉक, म्हणजे कापलेली कड सुटू नये म्हणून मशीनने घातलेले दोऱ्यांचे वेढे, दिसले तर सोडून द्या. तो कपडा विणलेल्या ठाणातून कात्रीने कापून शिवलेला असतो, म्हणजे प्रत्येक ओळ कडेला तुटलेली. उसवायला बसलात तर हातात येतात हातभर लांबीचे शेकडो तुकडे. मी पहिल्यांदा आख्खी संध्याकाळ ते ओढत बसले होते. शेवटी जे जमलं त्यातून धाकट्याच्या बाहुलीच्या उशीत भरायला झालं, तेवढंच.

दुसरी गोष्ट धाग्याची. एखादा इंच धागा चिमट्यात धरून पेटवून बघायचा (मुलं नसताना). केस जळाल्याचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटांत चुरडली गेली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिक वाईट नसतं, रोजच्या टोप्यांना चालतं, पण त्यावर गरम इस्त्री टेकली की वीण कायमची लोळागोळा होऊन बसते. तेही मी करून पाहिलं आहे.

तर मरून स्वेटर. उसवताना सगळ्यात जीव जातो तो टोक शोधण्यात. जिथे विणून टाके बंद केलेत तिथूनच धागा सरसर सुटतो. सुरुवातीच्या कडेने ओढलं तर टाका टाक्यात अडकतो. हाताने विणलेल्या स्वेटरात शेवट बहुधा गळ्याच्या पट्टीला असतो आणि विणणाऱ्या बाईने तो इतका बेमालूम लपवलेला असतो की अर्धा तास चष्मा लावून शोधावा लागतो. मी त्याच तयारीने बसले होते. गळा उलटा केला तर आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याची एक छोटी गाठ. शिवताना राहिलेला दोरा असेल, तोडून टाकावा म्हणून ओढला, तर त्याच्याबरोबर मरून टोकही बाहेर आलं. नशीब म्हटलं आणि पुढे गेले.

शिवण उसवायला मी ब्लेड वापरत नाही, छोटी टोकदार कात्री वापरते. एकच टाका कापायचा, मग सुईने पुढचे सैल करत जायचं. घाईत विणीचा धागा कापला गेला तर आपल्याच हाताने आणखी एक भोक. बाह्या सुटल्या, खांदे सुटले, पाठ-पोट वेगळं झालं, आणि मग माझं आवडतं काम: धागा ओढायचा. टर्र टर्र असा बारीक आवाज करत ओळ सुटते, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. धागा हातात येतो तो शेवयांसारखा नाही, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा, वळ्या वळ्यांचा.

धाकटा समोर दोन्ही हात पुढे करून बसला होता आणि मी त्याच्या हातांभोवती लडी गुंडाळत होते. नऊ वर्षांचं पोर, दहा मिनिटांत त्याचं नाक खाजायला लागलं, मग कोपर, मग एकदम बाथरूमला जायचं झालं. हातातून लडी काढली ती खुर्चीच्या पाठीवर गेली. खुर्ची बरी, तिला काही खाजत नाही. लेक तिच्या खोलीतून येता जाता बघत होती. तिसऱ्या फेरीला न बोलता बसली आणि म्हणाली, "मी ओढते, तू गुंडाळ." दहावीच्या मुलीबरोबर सलग दीड तास बसायला मिळतं तेव्हा आपण काही विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. तिने बरंच सांगितलं.

तिलाच पहिली गाठ सापडली. भोकांपासून लांब, पाठीच्या मधोमध. मग दुसरी. कोपराकडची तुटलेली टोकं मला अपेक्षित होती, पण या गाठी जुन्या, दबून सपाट झालेल्या होत्या. लेकीने मोजल्या: २३.

"आई, या स्वेटरमध्ये एवढे जोड कसे?"

सासूबाई पेपर वाचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तो आधी माझ्या भावाचा होता ना. उसवूनच विणला होता." मग पेपर खाली ठेवून, "आणि त्याच्याही आधी शाल होती. आईची."

म्हणजे ज्याला मी जुना स्वेटर समजत होते, तो त्या लोकरीचा तिसरा अवतार होता.

उसवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वेटर भरला होता ४२० ग्रॅम. तुटके-कुरतडलेले तुकडे काढून हाती आली ३६५ ग्रॅम लोकर. लड्या चार ठिकाणी सैल बांधायच्या, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास बुडवून ठेवायच्या, पिळायच्या नाहीत, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि खाली हलकंसं वजन लावून टांगायच्या. हे केलं नाही तर काय होतं ते माझ्या पहिल्या स्वेटरला विचारा. मी तशाच वेड्यावाकड्या धाग्याने विणला होता. नमुना घेतला, मापं बरोबर. पहिल्या धुण्यात वळ्या सुटल्या, टाके सैलावले आणि बाह्या गुडघ्याकडे निघाल्या.

धुण्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या चांगल्या लोकरी स्वेटरचं मी मशीनमध्ये पानिपत केलं. गरम पाणी आणि घुसळण एकत्र आली की लोकरीच्या तंतूवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटत नाहीत. बाहेर आला तो धाकट्याच्या मापाचा, पुठ्ठ्यासारखा जाड. असा स्वेटर उसवता येत नाही, पण कापला तर त्याची कड सुटत नाही. त्यातून गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर निघालं, बुटात घालायच्या तळव्यांच्या दोन जोड्या, आणि गरम भांडी उतरवायची फडकी. नवरा अजूनही भांडं उतरवताना त्या फडक्याकडे बघून सुस्कारा टाकतो. गंमत म्हणजे, देशोदेशीचे जुने लोकरी कपडे खरोखरच पानिपतला जातात. तिथे रंगांप्रमाणे निवडून ते फाडतात, पिंजतात आणि त्या तंतूंचं पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. रंग आधीच निवडलेले, म्हणून बऱ्याचदा रंगवायचा खर्चही वाचतो. ही युक्ती १८१३ मध्ये यॉर्कशरमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉने काढली. त्या मालाचं नाव शॉडी. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून सूत कमी टिकाऊ, आणि इंग्रजीत हलक्या कामालाच शॉडी म्हणायला लागले. आमच्या फडक्यांना मी तसं म्हणू देत नाही.

नवऱ्याची दुसरी तक्रार टी-शर्टची आहे आणि ती रास्त आहे. जुन्या सुती टी-शर्टची जाड दोरी फार छान निघते. काखेच्या खाली आडवा कापायचा, खालची दुमड काढायची. उरलेली नळी सपाट ठेवून एका बाजूला चार बोटं जागा सोडत अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या. मग ती न कापलेली बाजू उघडून प्रत्येक पट्टी तिरक्या छेदाने पुढच्या पट्टीला जोडत कापत जायचं, की अख्ख्या नळीची एकच लांब पट्टी होते. ती ताणली की कडा आपोआप आत वळून गोल दोरी तयार. मोठ्या माणसाच्या एका टी-शर्टमधून साधारण १६ मीटर. बाजूला शिवण नसलेला टी-शर्ट उत्तम, नाहीतर प्रत्येक वेढ्याला एक गुठळी येते. आणि समोर मोठी रबरी छपाई असेल तर तो भाग वळत नाही, नुसता तडकतो.

अशा सहा टी-शर्टांचं १० मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने मी बाथरूमपाशी पायपुसणं विणलं. त्यातला पिवळा टी-शर्ट नवऱ्याच्या कॉलेजच्या संघाचा होता. विचारायला हवं होतं. तो आजही त्या पिवळ्या वेढ्यावर पाय देत नाही, बाजूने जातो.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या करूनही विणतात. मी एक थैली केली होती. हाताला घाम, कानाला किरकिर आणि काही महिने उन्हात राहिल्यावर तिचे पापुद्रे घरभर. नको.

तर धाकट्याचा स्वेटर. तुकडे जोडायला यंदा मी गाठी मारल्या नाहीत. खऱ्या लोकरीची दोन टोकं थोडी विंचरून एकावर एक ठेवायची, ओली करायची आणि तळहातांत जोरात चोळायची. खवले अडकतात आणि जोड कळतही नाही. मशीनमधलाच अपघात, पण बोटभर आणि मुद्दाम केलेला. ओलं करायला थुंकी सगळ्यात सोपी. लेक म्हणाली, "शी, तो हे घालणार आहे?" धाकट्याला मात्र हे इतकं आवडलं की पुढचे सगळे जोड त्यानेच थुंकले.

सुईवरून थोडी वादावादी झाली. लेक फोनवर बघून म्हणाली सव्वातीन मिलिमीटर, सासूबाई म्हणाल्या १० नंबर. एकच सुई. जुन्या हिशेबात नंबर वाढला की सुई बारीक होते, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, हे लेकीला अजून पटलेलं नाही. गोल सुईवर गळ्याकडून खाली विणत आले, म्हणजे पोराची उंची वाढली की खालची कड सोडून पुढे विणता येईल. २५० ग्रॅम लागली. मधल्या पट्टीत एक उलट टाका सुलट झालाय, सहा ओळींनंतर दिसला, तसाच ठेवला.

परवा रात्री शेवटचे टाके बंद केले. धागा तोडून सुईत ओवला आणि कडेच्या आतून फिरवून पक्का लपवायला लागले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. हातात शिवणाचा डबा.

"एवढं नको लपवू," म्हणाल्या. डब्यातली पांढऱ्या दोऱ्याची रिळं बाजूला करत एक त्यांनी निवडलं, वीतभर दोरा तोडला आणि माझ्यापुढे धरला. "टोकाला हे बांध. आतल्या बाजूने."