बेगड, झिरमिळ्या आणि क्राफ्टचा तास

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत गणिताच्या सरांवर, कबड्डीच्या मैदानावर, एसएसएलसीच्या निकालांवर लिहिणारे पुष्कळ निघतील आणि त्यांनी लिहायलाच हवं. मला लिहायचं आहे ते क्राफ्टच्या तासाबद्दल आणि त्या तासानं लावलेल्या आवडीबद्दल. मला चकचकीत, रंगीबेरंगी, हातानं केलेल्या वस्तू आवडतात. बेगड आवडतो, काचनळ्यांची तोरणं आवडतात, टीव्हीवर घातलेला क्रोशाचा रुमाल आवडतो, दोसुतीवर भरलेले समोरासमोरचे दोन पोपट आणि त्यांच्यामधलं ‘सुस्वागतम्’ फार आवडतं.

बाईंची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात घोटीव कागदाचे ताव, क्रेप कागदाच्या गुंडाळ्या, जिलेटीन, मणी, लोकर, टिकल्या आणि मैद्याची खळ शिजवायचं पातेलं. एवढं साहित्य सगळ्या वर्गाला पुरायचं नाही. पण आपलं बेळगावचं शहापूर विणकरांचं. सांगली संस्थानात होतं तेव्हापासून इथल्या साड्यांचं नाव आहे. शहापूर, वडगाव, खासबाग, कुठल्याही गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट कानावर यायचा. मागावरून निघालेले रंगीत धाग्यांचे तुकडे घरोघरी पडलेले असत. बाई ते आणायला सांगायच्या. त्यांचे गोंडे व्हायचे, झिरमिळ्या व्हायच्या, स्नेहसंमेलनाच्या पडद्याला किनार व्हायची. पोरं साडीच्या रंगांवरून ओळखायची, हा गोंडा कुणाच्या घरचा ते.

मुलींना त्यांनी कसुतीचं भरतकाम शिकवलं. बाई धारवाडकडच्या, घरी कन्नड आणि शाळेत आमच्याशी मराठी. कसुतीत कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. ताणे-बाणे मोजायचे आणि टाका घालायचा. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार प्रकार. गावंतीत जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं आणि त्याच वाटेनं परत येताना सोडलेली घरं भरायची. दोऱ्याला गाठ मारायची नाही. मुरगी तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी. या दोन्हींत कापडाची सुलटी आणि उलटी बाजू सारखीच दिसते. बाई तपासताना रुमाल हातात घेऊन आधी पालथा करायच्या. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळं मागूनही तसंच उमटलेलं दिसलं की तोंडानं काही न बोलता रुमाल वर्गाला दाखवायच्या. इरकली साडीच्या पदरावर असं काम असलं की मी आजही त्या बाईला थांबवून पदर उलटा करून बघते. ओळख नसली तरी बघते. आजवर कुणी रागावलं नाही, उलट कुणी शिकवलं, कुठून आणली, सगळं रस्त्यातच उभं राहून सांगतात.

हे सगळं भडक आहे असं म्हणणारे तेव्हाही होते, आता जास्त आहेत. आमचे पुण्याचे पाहुणे आले की पांढऱ्या भिंती आणि एखादीच फ्रेम याला चांगली अभिरुची म्हणतात. मला ते पटत नाही आणि त्याला कारण आहे. आमची जुनी घरं आठवा. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परडं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, त्यामुळे मधल्या घराला खिडकीच नाही. वर कौलं, त्यात एखादं काचेचं कौल. जून लागला की बेळगावचा पाऊस, ढगांनी दिवसाही अंधारलेलं, आणि वर एक पिवळा बल्ब. अशा घरात फिका रंग लावला तर तो दिसणार कुणाला? काचनळी, बेगड, जर, टिकली ही मिळेल तेवढा उजेड पकडून परत देतात. दारातून एक तिरीप आली की तोरण लखलखायचं आणि माजघर जरा मोठं वाटायचं. शेजारची काकू आईला म्हणायची, “एवढं चकचकीत कशाला गे?” आई म्हणायची, “उजेड येतोय की त्यानं घरात!” अंधाऱ्या घरात राहणाऱ्या माणसांनी विचार करून निवडलेले रंग आहेत हे. मोठ्या काचेच्या खिडक्यांच्या घरात बसून त्यांना नावं ठेवणं मला न्यायाचं वाटत नाही.

आजीच्या देव्हाऱ्यावर लक्ष्मीचं एक छापील चित्र होतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत पोचली. आजीचं चित्र त्यांच्याच छापखान्याचं की त्यावरून दुसऱ्या कुणी काढलेलं, याला आमच्या घरी महत्त्व नव्हतं. महत्त्व होतं ते आजीनं त्यावर केलेल्या कामाला. लक्ष्मीच्या साडीच्या काठावर तिनं खरी जर चिकटवली होती, मुकुटाला टिकल्या लावल्या होत्या, गळ्यात बारीक मोत्यांची सर होती. छापलेलं चित्र हजारो घरांत एकसारखं, पण जर लावली की ती आमची लक्ष्मी. त्या काळी पुष्कळ बायका असं करत. जुन्या बाजारात जर लावलेलं चित्र दिसलं की मी ते सोडत नाही.

याच बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार होऊन गेले, रवी परांजपे त्यांचे शिष्य. त्या मोठ्या कलेचा मला अभिमान आहे. पण ती बघायला प्रदर्शनात जावं लागायचं आणि आमच्या गल्लीतल्या बायकांची कला दारावरच टांगलेली असायची. दोन्हींत निवड करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आणि रुखवत! ताईच्या लग्नाआधी सगळी गल्ली आमच्या सोप्यात बसलेली. काडेपेट्यांची बैलगाडी, पिस्त्यांच्या सालींची कमळं, मण्यांची बदकं, सुपाऱ्यांना मुंडावळ्या बांधून केलेले नवरा-नवरी, खोबऱ्याच्या रंगवलेल्या वाट्या. गोकाकची लाकडी फळं परडीत मांडली होती, इतकी खरी की वरपक्षाच्या एका पोरानं सीताफळ उचलून दातात धरलं. बाजूला कुंदा आणि मांड्यांची चळत. बैलगाडी केली होती समोरच्या अक्कांनी, त्यांना मराठी धड बोलता येत नव्हतं. वरपक्षाच्या बायका येऊन एकेक वस्तू उचलून बघत, “ही कुणी केली?” विचारत, आणि आई नावं सांगत जायची. तेवढा अर्धा तास प्रत्येक करणारीचं नाव घेतलं जायचं. आता रुखवत भाड्यानं मिळतं. ते सुबक असतं, पण “कुणी केलं?” या प्रश्नाला दुकानदाराचं नाव सांगावं लागतं. मला त्याचं वाईट वाटतं.

दिवाळीचे किल्ले आणि शिवजयंतीचे रात्रभर चालणारे चित्ररथ यांच्याविषयी इतर लिहितीलच. माझ्या लेखी तीही हीच कला, फक्त पोरांच्या हातची.

थर्माकोलचं मात्र मला कधी कौतुक नव्हतं. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली तेव्हा मखर कशाचं करायचं म्हणून लोक चिंतेत होते. क्राफ्टच्या तासाला बसलेल्यांना चिंता नव्हती. घोटीव कागदाची आठ पदरी घडी घालून कात्री चालवली की जाळी तयार. त्या वर्षी आमच्या अपार्टमेंटमधल्या मुलांना मी तेच शिकवलं. आधी कंटाळली, मग पहिली घडी उलगडली आणि कागद संपेपर्यंत उठली नाहीत.

महोत्सवाच्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये जुन्या हस्तकलेचं एक टेबल मांडायची परवानगी मी संयोजकांकडे मागितली आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आईच्या कपाटात जे असेल ते आणा. फ्रेम, रुमाल, वायरच्या पिशव्या, बाटलीतली लोकरीची बाहुली. कसुतीचे रुमाल काचेत बसवू नका, दोन्ही बाजू बघता आल्या पाहिजेत. काचनळ्यांचं तोरण गुंडाळून आणू नका, नळ्या तडकतात. जुन्या साडीवर सपाट पसरून आणा. दोरा कुजला असेल तर तोरण ओढू नका, मी नायलॉनचा दोरा आणि बारीक सुई घेऊन बसणार आहे, तिथेच ओवून देईन. आणि सोबत चिठ्ठीवर करणारीचं नाव नक्की लिहा.