हिंगाची डबी

बॉस्टनच्या एका रुग्णालयात सीलिॲक आजारावरच्या औषधाच्या चाचणीचं काम मी बघते. या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतडं दुखावतं. येणाऱ्यांशी आमचा सौदा विचित्रच. वर्षानुवर्षं गहू टाळलेल्या माणसाने सहा आठवडे रोज ३ ग्रॅम ग्लुटेनचं बिस्कीट खायचं आणि सोबत गोळी घ्यायची. गोळीत औषध आहे की नाही, हे ना त्याला ठाऊक ना मला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या झेडईडी १२२७ या औषधाच्या चाचणीतही एवढंच ग्लुटेन देत.

मात्र त्याआधी आतडं भरून आलेलं लागतं. दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात. आतल्या अंकुरांची उंची खालच्या खळग्यांच्या खोलीच्या किमान दीडपट हवी, ही आमची अट.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या काकू दुसऱ्या खेपेसाठी पहाटेच्या ट्रेनमध्ये बसल्या आणि दोन तासांनी त्यांचा अहवाल आला. अंकुर जवळजवळ सपाट. मी फोन उचलला आणि परत ठेवला. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला अर्ध्या वाटेत हे कसं सांगू? त्या पोचल्यावरच सांगितलं.

"काकू, या वेळी नाही जमणार."

"अगं, रक्त तर चांगलं आलं होतं ना?"

आलं होतं. पण रक्तातली या आजाराची खूण असलेली प्रतिपिंडं उतरली तरी आतडं दुखावलेलं राहू शकतं. अकरा वर्षं पोळीचा तुकडा नाही, लग्नकार्यातही स्वतःचा डबा. "मग मी खाल्लं तरी काय?"

आमच्या छापील प्रश्नावलीत ब्रेड, पास्ता, बिअर, सोया सॉस, सगळ्यांपुढे 'नाही' होतं. मी सहज विचारलं, काल काय जेवलात? ज्वारीची भाकरी आणि आमटी. फोडणीत? मोहरी, हळद, हिंग.

हिंग!

खडा हिंग फार उग्र, म्हणून बाजारात बहुतेक वेळा डिंक आणि पिठात मिसळलेलाच मिळतो. काकूंनी घरी फोन लावला. काकांनी आधी चष्मा शोधला, मग पुण्याहून आलेली डबी फिरवत बारीक अक्षरं वाचली: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून ठपका ठेवता येणार नाही. पण बंद करा, वर्षभराने बघू.

प्रश्नावलीत एक शब्द घालायचा तरी नैतिकता समितीची मंजुरी लागते. तोवर माझ्या टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे.

काका फोनवर विचारत होते, टाकून देऊ का?

"राहू दे हो," काकू म्हणाल्या, "पुढच्या खेपेला यांना दाखवायला आणते."