मोठ्या मशीनमध्ये दिसलं असतं का?

गणपतीत हर्णैला घरी गेले की हा प्रश्न ठरलेलाच. यंदा तो शेजारच्या नानांनी विचारला. काकूंना हल्ली विसरायला होतं, म्हणून चिपळूणला नेऊन एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल. फिल्मची भलीमोठी पिशवी घेऊन नाना आमच्या ओटीवर येऊन बसले. "बाय, तुमच्या तिकडच्या मोठ्या मशीनमध्ये काढला असता तर दिसलं असतं ना काहीतरी?"

तिकडे म्हणजे जर्मनीत, लाइपझिगला. तिथे ७ टेस्लाच्या एमआरआयवर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मी मेंदूच्या सालीतल्या मायलिनचे, म्हणजे मज्जातंतूंवरच्या वेष्टनाचे, नकाशे करते. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. नानांना दिलेलं उत्तर होतं, "बहुतेक नाही." ते त्यांना पटलं नाही.

मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड असते. शहाळ्यातल्या कोवळ्या मलईएवढी समजा. दवाखान्यातली मशीन बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात आणि चित्राचा एक ठिपका साधारण १ मिलिमीटरचा. म्हणजे सगळ्या मलईच्या जाडीत दोन-चार ठिपके. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची जागा, आक्रसलेला मेंदू हे बघायला तेवढं पुरतं. ७ टेस्लाला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरता येतं, लांबी, रुंदी, खोली तिन्हीकडे निम्मा झाल्याने पूर्वीच्या एका ठिपक्याचे आठ होतात. मग सालीच्या आतले पट्टे दिसायला लागतात.

पट्टे मायलिनचे. मज्जातंतूंभोवती गुंडाळलेलं हे चरबीदार वेष्टन, त्यामुळे संदेश झपाट्याने पळतात. सालीत ते सगळीकडे सारखं नसतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचं काम चालतं, तिथला पांढरा पट्टा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फ्रान्चेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो १७७६ मध्ये इटलीतल्या पार्मा इथे पाहिला, मेंदू गोठवून कापताना. (बर्फातला कडक मासा कसा सुबक कापला जातो, हे हर्णैच्या बायकांना सांगायला नको.) पुढे लाइपझिगमध्येच पाउल फ्लेक्सिगने कुठल्या भागात मायलिन आधी चढतं आणि कुठे उशिरा, याचा नकाशा केला. तो सगळा उद्योग मेलेल्या मेंदूंवर. जिवंत माणसाला न कापता तेच बघायचं, हा आमचा हट्ट.

खरी गोम अशी की मशीनला मायलिन दिसतच नाही. त्याला कळतं फक्त पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी ढुशी द्यायची आणि तो किती वेळात मूळपदावर येतो ते मोजायचं. जिथे मायलिन दाट, तिथलं पाणी लवकर सावरतं. त्या वेळेवरून आम्ही मायलिनचा अंदाज बांधतो.

माझे आजोबा तांडेल होते. होडीच्या नाळेवर उभं राहून पाण्याकडे बघत आणि म्हणत, "इथे टाका." मासा त्यांनाही दिसलेला नसे. पाण्यावर पडलेला काळसर डाग दिसे, त्यावरून खाली थवा आहे हे ते ताडत. कधीकधी ती ढगाची सावली निघे आणि जाळं रिकामं येई. आमची ढगाची सावली म्हणजे लोह. सालीत जिथे मायलिन, तिथेच बहुतेकदा लोहही असतं, आणि तेही पाण्याच्या वागण्यात ढवळाढवळ करतं. काही चित्रांमध्ये जो पट्टा खुलून दिसतो तो मायलिनपेक्षा लोहाचाच जास्त असतो. म्हणून एकाच माणसाची दोन-तीन वेगळ्या प्रकारची चित्रं घ्यायची आणि ताडून बघायची.

त्यात मशीनचं स्वतःचं एक दुखणं. ७ टेस्लाला सुमारे ३०० मेगाहर्ट्झची रेडिओलहर लागते, आणि मेंदूत शिरल्यावर तिची लांबी साधारण डोक्याएवढीच होते. मग ती सगळीकडे सारखी पोचत नाही आणि चित्रात मध्यभाग उजळ, कानशिलांकडे अंधार. सुरुवातीच्या काळात मला कानशिलाजवळ मायलिन कमी असल्याचा 'शोध' लागला होता. दोन आठवडे मी हवेत होते. दुरुस्तीची पायरी माझ्याकडूनच राहिली होती.

आत जातानाचा अनुभव मात्र नानांना ऐकायचा होता. पलंग आत सरकताना गरगरतं. त्या चुंबकात कानाच्या आतल्या द्रवातल्या सूक्ष्म विद्युतप्रवाहांवर जोर पडतो आणि शरीराला वाटतं आपण फिरतोय. दिवसभर होडीत काढून किनाऱ्यावर पाय ठेवावा आणि वाळू डुलावी, तस्सं. मग तासभर डोकं हलवायचं नाही. अर्धा मिलिमीटर हललात तरी पट्टे पुसट होतात.

पण आमचे नकाशे बहुधा पुष्कळ निरोगी माणसांचे एकत्र करून काढलेले असतात, सालीचा एक भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवायला. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे मायलिन खराब होण्याच्या आजारात, सालीतल्या जखमा ७ टेस्लावर जास्त चांगल्या दिसतात, हे खरं. काकूंच्या एका नकाशावरून त्या गॅस बंद करायला का विसरतात हे सांगणं मला जमणार नाही. आणि बासष्टाव्या वर्षी, गुडघ्यात धातू बसवलेला असताना, त्यांना त्या चुंबकात घालायची माझी छाती नाही.

"मग काय करायचं?" नाना जरा घुश्शातच म्हणाले. मी विचारलं, रक्त तपासलंत का? थायरॉइड, बी१२? बी१२ कमी पडलं तर मायलिनच खराब होतं आणि विसरायलाही होतं.

"आम्ही रोज मासे खातो," नाना म्हणाले. वय झालं की खाल्लेलं अंगी लागतंच असं नाही, असं म्हणत मी फिल्म परत पिशवीत घालायला लागले. तळाशी एक चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. डॉक्टरांनी जूनमध्ये लिहून दिलेल्या रक्ततपासण्या. दुसऱ्या ओळीत बी१२.