तिरक्या फळ्यांचे कपाट आणि नातेवाइकांतील दोन तट

आमच्या भाच्याने पुण्याहून इंटिरियर डिझाईनचे शिक्षण घेऊन परतल्यावर सांगलीत, विश्रामबागेतील घराच्या दिवाणखान्यासाठी पुस्तकांचे एक कपाट करवून घेतले आणि त्यावरून नातेवाइकांत सरळ दोन तट पडले. कपाटाच्या उभ्या फळ्या तिरक्या आहेत, लाल, पिवळा, हिरवा आणि फिकट निळा हे रंग एकमेकांना खेटून बसले आहेत, आणि दारातून पाहिले तर कोणीतरी हात वर करून उभे असल्याचा भास होतो. तरुण मंडळी त्यापुढे उभी राहून फोटो काढतात. थोरल्या आत्यांनी मात्र "बाळा, हे बालवाडीला देऊन टाक" असा शेरा मारून चहा घेतला.

हे कपाट ज्यावरून सुचले ते ‘कार्लटन’ नावाचे कपाट इटलीतील आर्किटेक्ट एत्तोरे सोत्सास यांनी १९८१ मध्ये केले. डिसेंबर १९८० मध्ये मिलानमधील त्यांच्या घरी काही तरुण डिझायनर जमले होते, तेव्हा लावलेल्या बॉब डिलनच्या गाण्यातील शब्दावरून त्यांच्या गटाला ‘मेम्फिस’ हे नाव मिळाले आणि पुढच्याच सप्टेंबरमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. वस्तू साधी, सरळ, नेमक्या उपयोगाची असावी आणि तिच्यात वावगे काही नसावे, हा आधुनिकतावाद्यांचा दंडक तेव्हा जवळजवळ धर्मासारखा पाळला जात असे. या मंडळींना तो मुद्दाम मोडायचा होता.

मोडण्यासाठी त्यांनी उचललेले हत्यार मला सर्वांत मजेशीर वाटते. ते म्हणजे लॅमिनेट, अर्थात आपला सनमायका. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले क्राफ्ट कागदाचे थर, त्यावर मेलामाइन रेझिनचा छापील कागद, आणि हे सारे उष्णता व प्रचंड दाब देऊन एकजीव केलेले. युरोपात हा पत्रा स्वयंपाकघरात आणि कॉफीच्या दुकानात शोभायचा. तो दिवाणखान्यात आणून उंची किमतीला विकणे हीच मुळात चेष्टा होती. सांगलीत ती चेष्टा निम्मी वाया जाते, कारण आमच्याकडे पलंगापासून देवघरापर्यंत सगळीकडे सनमायकाच आहे आणि त्याची लाज कोणालाही वाटत नाही. तेव्हा वादासाठी उरतात ते फक्त रंग आणि आकार.

रंगाबद्दलची तक्रार मला पटत नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पाने आणि वेलबुट्टी कोरतात, त्याला कोणी ‘भडक’ म्हणून नाव ठेवत नाही. ‘परदेशी नक्कल’ हा आक्षेपही पुरता खरा नाही. सोत्सास १९६१ मध्ये भारतात फिरून गेले होते आणि १९६४ मध्ये त्यांनी शिवाला अर्पण म्हणून सिरॅमिकच्या थाळ्यांची एक मालिका केली होती.

कपाट आवडणाऱ्या दुसऱ्या तटाचाही अभिमान मला थोडा आवरावासा वाटतो. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी आपले माँटे कार्लोमधील घर मेम्फिसच्या वस्तूंनी भरून टाकले होते आणि १९९१ मध्ये त्या वस्तू लिलावात विकून मोकळेही झाले. सोत्सास यांनी स्वतःच १९८५ मध्ये गट सोडला होता. नंतर हवा पुन्हा फिरली. २०१६ मध्ये गायक डेव्हिड बोवी यांच्या संग्रहातील अशाच वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा घेणाऱ्यांची झुंबड उडाली. हौस अशी वर-खाली होत राहते, आणि भिंतीएवढे कपाट काही दरवेळी बदलता येत नाही.

खरे आक्षेप मला सुतारमिस्त्रींकडून ऐकायला मिळाले. आठ बाय चारच्या प्लायमधून तिरके तुकडे कापले की त्रिकोणी तुकड्यांचा ढीग उरतो आणि तो कुठेच लागत नाही. शिवाय तिरक्या सांध्यात सनमायकाच्या दोन कडा नेमक्या जुळवायच्या तर एकेक कोपरा घासत बसावे लागते. त्यांनी एका सांध्यावर बोट फिरवून दाखवले. तिथे पिवळ्या आणि लाल पत्र्यांमध्ये नखाएवढी काळी रेघ दिसत होती, आणि भाच्याने ती पाहूनही काही म्हटले नव्हते, याचे मिस्त्रींना अधिक वाईट वाटत होते. धूळ झटकण्याचा प्रश्न वेगळाच आहे, कारण वरच्या तिरक्या फळ्यांमागे हात पोहोचत नाही. हा मुद्दा वहिनींनी मांडला आणि त्यावर दोन्ही तट गप्प झाले.

आणि सांगलीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागातील आमच्या जुन्या घरातले भुशाच्या बोर्डाचे कपाट खालून फुगले आणि त्यावरचा सनमायका पापुद्र्यासारखा सुटून आला. शेजारची सागवानी पेटी मात्र उन्हात ठेवल्यावर पुन्हा वापरात आली. विश्रामबाग उंचावर असली, तरी हेच कपाट गावभागात कोणी करणार असेल, तर रंग हवे तितके भडक घ्यावेत, पण बोर्ड वॉटरप्रूफ प्लायचा असावा आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून दोन फूट तरी वर, लोखंडी पायांवर असावी, असा आमचा आग्रह राहील.