माझा अनुभव : देहदानाचा अर्ज सोपा, ४-अ चा कागद अवघड

दरवर्षी ३ ऑगस्टला अवयवदान दिन येतो, २५ ऑगस्टपासून नेत्रदान पंधरवडा लागतो. रॅली निघते, रांगोळी स्पर्धा होते, कॉलेजची मुलं फलक घेऊन आमच्या नाशिकरोडच्या बिटको चौकात उन्हात उभी राहतात. मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या एवढ्या जनजागृतीत कुणी हे सांगत नाही की घरातलं माणूस रात्री दोन वाजता गेलं तर मृत्यूचा दाखला कोण लिहून देणार. सासऱ्यांच्या वेळी आमची अख्खी रात्र त्या एका कागदापायी गेली. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, वय ८४. नेत्रदान आणि देहदान दोन्हीचे अर्ज त्यांनी केव्हाच भरले होते. त्यात अवघड काही नसतं : फोटो, आधारची झेरॉक्स, साक्षीदारांच्या सह्या. कार्ड येतं आणि कपाटात पडून राहतं. नुसत्या कार्डाने मात्र काही होत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनी नको म्हटलं की विषय तिथेच संपतो. त्यामुळे खरं काम घरच्यांच्या कानीकपाळी ओरडण्याचं, आणि ते अण्णांनी चोख केलं होतं. माझे चुलत सासरे, भाऊकाका, 'देहाला अग्नी नाही म्हणजे काय?' म्हणून भांडायचे. अण्णा म्हणायचे, "भाऊ, कम्युनिस्ट ज्योती बसू आणि संघाचे नानाजी देशमुख. दोघांचं एका गोष्टीवर पटलं नसतं. २०१० साली जानेवारीत बसू गेले, फेब्रुवारीत नानाजी. दोघांनीही देह देऊन टाकला. आता तू कुणाच्या बाजूने?" भाऊकाका चहा पिऊन निघून जायचे.

हृदय थकलं होतं, पुन्हा आयसीयू नको असं त्यांनीच बजावलं होतं. झोपेतच गेले.

नेत्रपेढीचा फोन लगेच लागला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं सांगितलं : पंखा बंद करा, एसी असेल तर लावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आमची माणसं निघालीच आहेत. "तोवर डॉक्टरांकडून मृत्यू झाल्याचं लिहून घेऊन ठेवा हं," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलेले. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांचा मोबाइल बंद. त्यांच्या हॉस्पिटलचा रिसेप्शनिस्ट म्हणाला, सर सकाळी दहाला भेटतील, तुम्ही पेशंटला कॅज्युअल्टीत घेऊन या. पेशंट गेलेत, हे त्याला पुन्हा सांगावं लागलं. मग त्याने फोन रात्रपाळीच्या डॉक्टरांना दिला. तो मुलगा निदान खरं बोलला. म्हणाला, "इथे आणलंत तर मला ब्रॉट डेड, म्हणजे आणण्याआधीच मृत, असं लिहावं लागेल. मग पोलिसांना कळवायचं, आणि ते म्हणाले तर पोस्टमॉर्टेम."

इथे नीट लक्ष द्या, कारण ही गोष्ट मला त्या रात्रीआधी कुणीही सांगितली नव्हती, अण्णांच्या माहितीपत्रकात एका ओळीत होती तेवढीच : पोस्टमॉर्टेम झालेला देह मेडिकल कॉलेज घेत नाही. म्हणजे दाखल्यासाठी घाईघाईने कुठल्यातरी हॉस्पिटलात न्यायचं आणि तिथेच देहदान हातचं घालवायचं. पण अशा वेळी जमलेला प्रत्येक जण तोच सल्ला देतो. शेजाऱ्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावलीसुद्धा होती. ड्रायव्हर म्हणे, "सिव्हिलला टाकू ताई, तिथे सगळे कागद होतात." भाऊकाकाही म्हणाले, "सूनबाई, हट्ट नको, चल." मी दारातच उभी राहिले आणि कुणालाही अण्णांना उचलू दिलं नाही. नवरा माझ्याकडे बघत राहिला, पण त्यानेच ड्रायव्हरला पैसे देऊन परत पाठवलं.

शेजारच्या इमारतीत एक डॉक्टर राहतात. त्यांनी दाराची साखळी न काढताच सांगितलं, "मी त्यांना कधी तपासलेलं नाही. मी कसं लिहून देणार?" तेव्हा चीड आली. पण नियम त्यांच्या बाजूने आहे : शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले, मृत्यूचं कारण त्या डॉक्टरांनी लिहायचं असतं. आता घरात अंथरुणाला खिळलेल्या किती म्हाताऱ्यांना असा 'आपला' डॉक्टर उरलाय? स्पेशालिस्ट फाइल बघतो, घरी येत नाही.

शेवटी आईंनाच, म्हणजे सासूबाईंना, आठवलं. "अगं, तो नाही का जेलरोडचा, मागे ताप आला तेव्हा घरी येऊन सुई देऊन गेला?" त्यांचा नंबर औषधांच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर मिळाला. पहिल्या रिंगलाच उचलला. आले ते पायजम्यावरच. अण्णांना तपासलं, सगळी फाइल वाचली आणि लेटरहेडवर लिहून दिलं. नेत्रपेढीची मंडळी आली, आईंची सही घेतली, रक्ताचा थोडा नमुना घेतला. वीसेक मिनिटांत काम झालं. चेहरा जसाच्या तसा दिसत होता.

वाटलं, सुटलो. कॉलेजला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "लेटरहेड चालणार नाही. ४-अ आणा."

हॉस्पिटलात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर ४-अ. मृत्यूचं कारण डॉक्टर त्यावर लिहितात, पुढची नोंद त्यावरूनच होते. डॉक्टरांकडे त्याचं पुस्तक होतं, पण दवाखान्यात. दवाखान्याची किल्ली कंपाउंडरकडे. कंपाउंडर देवळाली गावात आणि त्याचा फोन चार्जिंगला लावून तो झोपलेला. नवरा स्कूटर घेऊन त्याला उठवायला गेला. मी बर्फाच्या लाद्यांसाठी फोन करत बसले. डॉक्टर बिचारे आमच्याच सोफ्यावर, हातात थंड झालेला चहा. उजाडता उजाडता शटर उघडलं, पुस्तक आलं, डॉक्टरांनी फॉर्म भरला. आणि नाव लिहिलं फाइलवर होतं तसं, आधारवर वेगळं! वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. कॉलेजच्या माणसाला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाला, आधारप्रमाणे करा, खाडाखोड नको. दुसरं पान फाडलं.

कॉलेजमध्ये मात्र सगळं सरळ पार पडलं. अॅनाटॉमी विभागातल्या बाईंनी सह्या घेतल्या, बसायला दिलं, फुलं वाहू दिली. पुण्याहून वन्स थेट तिथेच पोचल्या. रडत होत्या, पण अडवलं नाही. आईंनी त्यांना एवढंच सांगितलं, "त्यांचं ते ठरवून गेलेत."

आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी आता वाणाबरोबर एक कागद वाटते. वर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात : घरी येऊन तपासणारा डॉक्टर आजच शोधा, आणि त्यांच्याकडे ४-अ आहे का ते विचारा. खाली नेत्रपेढीचा आणि कॉलेजचा नंबर. बायका मग भलतंच विचारतात, म्हणून तेही सांगून टाकते. किडनी, लिव्हर, हृदय हे अवयव मृत्यूनंतर द्यायचे तर माणूस हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत घोषित व्हावा लागतो. डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. घरी गेलेल्या माणसाचे हे अवयव घेता येत नाहीत. घरून देता येतात डोळे, आणि जवळ त्वचापेढी असेल तर त्वचा. डोळे दिले तरी देहदान होतं. अवयव दिले की बहुतेक कॉलेजं देह घेत नाहीत, तेव्हा दोन्ही अर्ज भरा, पण काय आधी ते घरात सांगून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा, मधुमेह, काही आड येत नाही. पुढच्या जन्मी आंधळे होऊ का, हा प्रश्न अजूनही येतो. त्याचं उत्तर मी आईंवर सोपवते, त्या माझ्यापेक्षा कडक बोलतात.

राहिलंच : मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. महापालिकेतल्या क्लार्कने आमच्याकडे स्मशानाची पावती मागितली. तिच्या जागी कॉलेजने दिलेलं देह स्वीकारल्याचं पत्र चालतं, पण ते त्याला समजावून सांगावं लागतं. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या. पेन्शन, बँक, विमा, सगळे मूळ प्रत मागतात.

आईंनी आता स्वतःचा अर्ज भरलाय. जेलरोडचे डॉक्टर दर महिन्याला त्यांचं बीपी बघायला घरी येतात. मागच्या खेपेला आईंनी त्यांना विचारलं, "ते पुस्तक आता घरी ठेवता ना?" ठेवतात म्हणाले. आईंनी फोटो मागवून घेतला.